‘अर्धसत्य’: फौजदाराच्या हिशेबवहीतली पहिली नोंद

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून राज्यभरासाठी उपनिरीक्षक तयार होऊन बाहेर पडतात. त्याच शहरात गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या आसपासच्या अभ्यासिकांमध्ये पुढच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. खांद्यावरच्या दोन स्टारांचं स्वप्न नाशिकमध्ये जितकं जवळून दिसतं तितकं इतर गावांत क्वचितच दिसत असेल. म्हणून पोलिसांवरचा एकच सिनेमा सुचवायचा झाला तर या शहरात नाव ‘अर्धसत्य’चं घ्यावं. तो 1983 सालचा आहे, रंग थोडे विटले आहेत, फोन तबकडीचे आहेत. पण प्रामाणिक फौजदार नेमका कुठल्या पायरीवर घसरतो, हे इतक्या बारकाईने दाखवणारा दुसरा हिंदी सिनेमा सांगणं अवघड आहे.

सिनेमा हिंदीत असला तरी त्याची घडण बरीचशी मराठी आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, आणि शीर्षक ज्या कवितेतून आलं ती दिलीप चित्रे यांची. दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही गोविंद निहलानींचं, संकलन रेणू सलुजांचं, पार्श्वसंगीत अजित वर्मन यांचं. ओम पुरींना यातल्या नायकाच्या, अनंत वेलणकरच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि सहायक अभिनेता असे पुरस्कार याच सिनेमाकडे आले. लांबी साधारण दोन तास दहा मिनिटं.

पुढे कथानक शेवटापर्यंत उलगडलं आहे. चाळीस वर्षं जुन्या सिनेमाच्या बाबतीत ते चालावं, आणि शेवट माहीत असला तर हा सिनेमा उलट जास्त नीट दिसतो. ज्यांना कोऱ्या मनाने बघायचा आहे त्यांनी आधी बघून यावं.

अनंत वेलणकर मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक आहे. हुशार, मेहनती, पैसे न खाणारा. बाप पोलीस खात्यातून निवृत्त झालेला, तापट आणि हात उगारणारा. मुलाने पोलिसांतच जायचं हे त्याने ठरवून टाकलं आणि मुलगा गेला. मुंबईत अनंतची ओळख ज्योत्स्ना गोखले या प्राध्यापिकेशी होते. ठाण्यावर वरिष्ठ निरीक्षक आहे हैदर अली. आणि हद्दीत आहे रामा शेट्टी, गुंडांचा म्होरक्या, ज्याची माणसं अनंत पकडतो, ज्याचं आमिष तो धुडकावतो, आणि जो त्यानंतर घाई न करता फक्त नजर ठेवून बसतो.

बहुतेक परीक्षणांत या सिनेमाचं सार ‘भ्रष्ट व्यवस्थेने चिरडलेला प्रामाणिक पोलीस’ असं दिलेलं असतं. ते चूक नाही, पण त्यात सिनेमातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग निसटतो. वस्तीतला एक साधा माणूस तक्रार घेऊन येतो, काही गुंड त्याच्या बायकोला त्रास देतात. अनंत त्या पोरांना शोधून काढतो, कोठडीत घालतो आणि बेदम मारतो. प्रेक्षक म्हणून आपल्याला बरं वाटतं. मनातून शाबासकी निघते. नेमकी तिथेच हिशेबवहीत पहिली नोंद पडते, आणि पुढचे दीड तास सिनेमा त्या नोंदीवरचं व्याज मोजत राहतो.

हा प्रसंग एकदा कायद्याच्या बाजूने बघावा. स्त्रीच्या विनयभंगाचं भारतीय दंड संहितेतलं कलम 354 त्या काळात जास्तीत जास्त दोन वर्षांच्या शिक्षेचं होतं. 2013 च्या दुरुस्तीनंतर ते किमान एक आणि कमाल पाच वर्षं झालं, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 74 म्हणून आहे. म्हणजे फौजदाराच्या हातात गुन्हा होता, फिर्यादी होता, आरोपी होते. करायचं काय होतं? फिर्याद नोंदवायची, त्या बाईचा स्वतःचा जबाब घ्यायचा, वस्तीतले दोन साक्षीदार गाठायचे, अटक दाखवायची, चोवीस तासांच्या आत आरोपींना न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. कंटाळवाणं काम आहे. कदाचित त्याच संध्याकाळी जामीनही झाला असता.

अनंत हात उगारतो, आणि त्याच क्षणी केस फिरते. कोठडीतली जखम लपत नाही. अशा प्रकरणात आरोपीचा वकील न्यायालयात वळ दाखवू शकतो, वैद्यकीय तपासणीची मागणी करू शकतो, आणि मग चर्चा बाईला झालेल्या त्रासाची राहत नाही, पोलिसाने केलेल्या मारहाणीची होते. ही पोरं निवडणुकीत आणि सभांना आमदाराच्या कामी येणारी निघतात. आमदाराला अनंतला हात लावायला कारण हवं होतं, ते अनंतने स्वतः दिलेलं असतं. सिनेमा हे कुणाच्या तोंडून वदवत नाही, पण घटनांचा क्रम तेच सांगतो. पैसे खाल्ले असते तर कारवाई अवघड होती, कारण पैसे देणारा बोलत नाही. मार खाल्लेला बोलतो.

आता निलंबनाची टांगती तलवार, आणि इथे हैदर अली पुढे येतो. शफी इनामदारांनी साकारलेला हा माणूस सिनेमातला सगळ्यात गुंतागुंतीचा आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. तो वाईट नाही. अनंतवर त्याचा जीव आहे. अनंत म्हणतो की माझं म्हणणं खरं आहे, मी चौकशीला सामोरा जातो. हैदर अली त्याला समजावतो की चौकशी तुझ्यापर्यंत येणारच नाही, ती लांबेल किंवा आधीच ठरलेली असेल, आणि निलंबनाचा शेरा मात्र सेवापुस्तकात कायमचा बसेल. खात्यातल्या कुणालाही विचारा, हे अंगावर येणारं सत्य आहे. नियमाप्रमाणे निलंबन ही शिक्षा नाही, चौकशी होईपर्यंतची व्यवस्था आहे. प्रत्यक्षात निर्वाह भत्त्यावर काढलेले महिने, हद्दीतल्या लोकांच्या नजरा, अडकलेली बढती ही शिक्षाच असते, आणि निर्दोष सुटल्यावर ती कुणी परत करत नाही.

म्हणून हैदर अली दिल्लीत ओळखी असलेल्या देसाई नावाच्या मध्यस्थाला बोलावतो. वरून चक्रं फिरतात, प्रकरण मिटतं. अनंत वाचतो. हैदर अलीने सल्ला दिला तो मित्र म्हणून, आणि तोच सल्ला अनंतला संपवतो. कारण आता अनंतला कळलेलं असतं की आपला खरेपणाही वशिल्याशिवाय टिकत नाही. ज्या दाराने एकदा आत गेलो ते दार कुठे आहे हे माणूस विसरत नाही. शेवटी हाच हैदर अली त्याला रामा शेट्टीच्या दाराशी पाठवतो, त्याच काळजीच्या आवाजात. दोन्ही प्रसंग लागोपाठ बघितले तर इनामदारांनी आवाजात किती थोडा फरक केला आहे ते लक्षात येतं. तो थोडा फरकच भीतीदायक आहे.

तिसरा टप्पा भाजलेल्या माणसाचा. रामा शेट्टीचाच एक माणूस मारहाण होऊन, भाजून, मरायला टाकलेला सापडतो. अनंत त्याला दवाखान्यात नेतो, जबाब मिळवतो. जबाबात रामा शेट्टीचं नाव येतं. हा जबाब घेण्याचा भाग अभ्यास करणाऱ्यांनी दोनदा बघावा, कारण खऱ्या तपासात अशा केस इथेच पडतात. पोलिसाने घेतलेला साधा जबाब हा न्यायालयात पुरावा नसतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम 161 खाली होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 180 खाली आहे. साक्षीदार उलटला तर त्याला खोडून काढायला तो वापरता येतो, त्यापलीकडे त्याचा उपयोग तोकडा. जखमी वाचण्यासारखा असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब नोंदवून घ्यायचा, जुनं कलम 164, आताचं 183. वाचण्याची आशा नसेल तर मृत्यूपूर्व जबाब. त्यासाठी शक्यतो दंडाधिकारी बोलवायचा, जखमी शुद्धीवर आहे आणि बोलण्याच्या मनःस्थितीत आहे असा डॉक्टरांचा शेरा जबाबाआधी आणि नंतर घ्यायचा, उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहायची, नातेवाइकांना खोलीबाहेर ठेवायचं. यातली एक गोष्ट राहिली की बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो. सगळ्यात जास्त राहतो तो डॉक्टरांचा शेरा.

जबाब हातात घेऊन अनंत रामा शेट्टीला अटक करायला जातो. गुन्हा दखलपात्र, वॉरंटची गरज नाही, कायदा पूर्णपणे त्याच्या बाजूने. कमरेला रिव्हॉल्वर आहे. रामा शेट्टी काय करतो? फोन उचलतो. वरिष्ठ अधिकारी अनंतला तिथून निघायला सांगतो, आणि अनंत निघतो.

या एका दृश्यासाठी सिनेमा बघावा. रामा शेट्टी ही सदाशिव अमरापूरकरांची पहिली हिंदी भूमिका. नगरचा हा रंगभूमीवरचा नट, शेजारच्याच जिल्ह्यातला, तोवर मराठी नाटकाबाहेर फारसा कुणाला माहीत नव्हता. पडद्यावर तो फार वेळ नाही. आवाज चढवत नाही, घाई करत नाही, डोळे अर्धवट मिटलेले ठेवतो. हिंदी सिनेमातले गुंड त्या काळात अड्ड्यावर, दिव्यांच्या झगमगाटात बसायचे. रामा शेट्टी घरात निवांत बसलेल्या माणसासारखा बसतो, कारण त्याला कुणाला घाबरवायची गरजच उरलेली नाही. समोर उभा असलेला ओम पुरी वर्दीत असून लहान होत जातो. निहलानी कॅमेरा हलवत नाहीत, चेहऱ्यावर ठेवतात. अपमान गिळताना ओम पुरींच्या जबड्याचा स्नायू हलतो तेवढंच.

त्या फोनबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. वरिष्ठ अधिकाऱ्याला आपल्या हद्दीत ठाणे अंमलदाराचे सगळे अधिकार असतात. तो तपास स्वतःकडे घेऊ शकतो, दुसऱ्याकडे देऊ शकतो. पण ते कागदावर व्हायला हवं. फोनवरचा आदेश स्टेशन डायरीत येत नाही. उद्या विचारलं तर वरिष्ठ म्हणणार, मी असं काही बोललोच नाही, आणि डायरीत एवढंच दिसणार की उपनिरीक्षक गेला आणि आरोपीला न घेता परतला. राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1979 ते 1981 दरम्यान दिलेल्या आठ अहवालांत राजकीय दबावाचा प्रश्न मांडला होता. त्याची आठवण ठेवून सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले ते 22 सप्टेंबर 2006 रोजी. सिनेमा या दोन टप्प्यांच्या मध्ये उभा आहे, पहिल्याच्या अगदी जवळ. सिनेमा आला त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 1982 मध्ये, मुंबईत पोलीस शिपायांचंच आंदोलन चिघळलं होतं, आणि गिरणी कामगारांचा संप सुरू होता. वर्दीतला आणि वर्दीबाहेरचा राग दोन्ही त्या वर्षांच्या हवेतच होते.

यानंतरची घसरण सिनेमा पटापट दाखवतो, आणि तिथे माझी थोडी तक्रार आहे. जिवावर उदार होऊन धरलेला दरोडेखोर आणि त्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाणं, हा भाग घाईत उरकला आहे. श्रेय हिसकावलं जाणं ही खात्यातली फार बोचरी गोष्ट असते, शौर्याची शिफारस कुठल्या टेबलावर बदलते हे बघायला मिळालं असतं तर अनंतचा पुढचा कडेलोट जास्त पटला असता. इथे तो निव्वळ आणखी एक धक्का म्हणून येतो. दारूचंही तेच, सुरू झाली आणि वाढली. नसीरुद्दीन शाह यांचा माईक लोबो मात्र थोडक्या वेळात खूप काही करून जातो. निलंबित, दारूत बुडालेला, ओळखीच्या पोलिसांकडे हात पसरणारा अधिकारी. अनंत त्याच्याकडे बघतो ते दयेने बघत नाही, स्वतःचं पुढचं पान वाचावं तसं बघतो.

मग येतो तो भुरटा चोर. किरकोळ चोरी, ठाण्यात आणलेला एक फाटका माणूस. अनंत त्याला मारतो, मारत राहतो, आणि तो मरतो.

मारहाण तीच आहे. विनयभंगाच्या आरोपींना मारतानाचा हात आणि या चोराला मारतानाचा हात एकच. पहिल्या वेळी आपण मनातून टाळी दिली, आता अंगावर काटा येतो, आणि हा फरक अनंतमध्ये नाही, आपल्यात आहे. तेंडुलकरांनी दोन प्रसंगांमध्ये एवढं अंतर ठेवलं ते यासाठीच असावं. ज्या पोलिसाच्या हातून हे होतं तो बिघडलेला, विकला गेलेला पोलीस नाही. पैशाला न शिवलेला पोलीस आहे. ज्याला बाकी कुठेच हात उचलता आला नाही, बापापुढे नाही, आमदारापुढे नाही, रामा शेट्टीपुढे नाही, तो ज्याच्यामागे कुणीच नाही त्याच्यावर उचलतो.

कोठडीत मारहाण का होते याचं एक कोरडं, कायद्यातलं कारणही आहे. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं, नव्या साक्ष अधिनियमात कलम 23. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. जुनं, प्रसिद्ध कलम 27. चोरीच्या गुन्ह्यात मुद्देमाल हस्तगत झाला की कागद पूर्ण दिसतो, आणि मुद्देमाल लवकर काढायचा तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणून काठी पुढे येते. कबुलीसाठी दुखापत करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत. आता तो न्याय संहितेच्या कलम 120 मध्ये आहे. प्रशिक्षणात हे शिकवलं जातंच. ठाण्यात गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत कोण शिकवतो, यावर पुढचं अवलंबून असतं. हैदर अली तेवढ्यासाठीच महत्त्वाचा.

सिनेमातली कोठडी आणि आजची कोठडी यांत कागदावर बराच फरक पडला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातल्या 1996 च्या निकालाने अकरा सूचना घालून दिल्या. अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही, नातेवाइकाला खबर, कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत करण्याची तरतूद 2005 च्या दुरुस्तीने आली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवावं लागतं, शवविच्छेदनाचं चित्रीकरण करावं लागतं, आणि महाराष्ट्रात असा तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे जातो. डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालाने ठाण्याच्या प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत आवाजासह कॅमेरे आणि चित्रण 18 महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर, जपून ठेवायला सांगितलं. अनंतच्या ठाण्यात यातलं काहीच नाही. तिथे चार भिंती आहेत आणि दुसऱ्या खोलीत बसलेले, ऐकू येत असूनही न उठणारे सहकारी. कॅमेरा बसला म्हणून त्या सहकाऱ्यांचं बसून राहणं बदलतं का, हा प्रश्न सिनेमा आजही विचारायला लावतो.

बापाचा धागा वेगळा बोलायला हवा. अमरीश पुरी मोजक्या दृश्यांत आहेत. छोटा अनंत आईला मार खाताना बघतो आणि काही करू शकत नाही. पोलिसांवरच्या सिनेमात हे घरातलं दृश्य कशाला, असं पहिल्यांदा वाटू शकतं. पण मूळ तिथेच आहे. हात उगारता येणं म्हणजे पुरुष असणं, हे अनंतने घरात शिकलं, वर्दी नंतर आली. चित्रे यांच्या कवितेत तराजूच्या एका पारड्यात नपुंसकता आहे, दुसऱ्यात पौरुष, आणि काट्यावर अर्धसत्य. अनंत ही कविता ज्योत्स्नासमोर वाचतो तेव्हा सुरुवातीला सहज वाचतो, आणि ओळी पुढे सरकतात तसा आवाज जड होत जातो. हे वाचन पाठ करून म्हटल्यासारखं झालं असतं तर सिनेमा तिथेच कोसळला असता. ओम पुरींनी ते पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं ठेवलं. गाणं एकही नाही, आणि ही कविता गाण्याची जागाही घेत नाही. ती सिनेमाचा आरसा आहे.

ज्योत्स्नाच्या लिखाणात मात्र कमतरता आहे. या भूमिकेत स्मिता पाटील असताना ती जास्त जाणवते. ज्योत्स्ना सुजाण आहे, प्रश्न विचारते, पोलिसी हिंसेबद्दल तिची ठाम मतं आहेत. पण तिला स्वतःचं आयुष्य जवळपास दिलेलंच नाही. ती अनंतच्या विवेकाचा आवाज म्हणून येते, बोलते आणि जाते. तिच्या काही वाक्यांत लेखक बोलतोय हे कळतं. स्मिता पाटील ती वाक्यं अडखळत, विचार करत म्हणतात म्हणून निभावतं. ती शेवटी ज्या अंतरावर उभी राहते ते अंतर पटतं, तिथवरचा तिचा प्रवास मात्र पडद्यावर अपुरा आहे.

चित्रीकरणाबद्दल थोडं. निहलानी स्वतः छायाचित्रकार असल्यामुळे ठाण्यातला उजेड त्यांनी खरा ठेवला आहे. ट्यूबलाइटचा फिकट पांढरा, टेबलांवर फायली, मागे कायम कुणीतरी ये-जा करणारं. पार्श्वसंगीत बऱ्याच ठिकाणी मागे हटतं आणि रस्त्याचा, पंख्याचा, बुटांचा आवाज उरतो. रेणू सलुजांच्या संकलनाची कमाल मारहाणीच्या प्रसंगांत आहे. बहुतेक सिनेमांत असे प्रसंग लयीत कापतात, फटका, चेहरा, फटका. इथे शॉट वेळेआधी तुटतो किंवा गरजेपेक्षा लांबतो, त्यामुळे बघणाऱ्याला मजा येत नाही. येऊ नये, हाच हेतू आहे.

आता शेवट. चोर मेल्यावर अनंतचं निलंबन होतं. हैदर अली सांगतो, आता एकच माणूस वाचवू शकतो. तो माणूस म्हणजे रामा शेट्टी, जो आता राजकारणात उतरलेला असतो. अनंत त्याच्याकडे जातो. शेट्टी मदत करायला तयार आहे, फक्त अनंतने त्याचा माणूस व्हायचं. आणि अनंत त्याचा गळा आवळतो. मग ठाण्यात जाऊन स्वतः हजर होतो.

या शेवटावर बरेच वाद झाले आहेत. एक बाजू म्हणते की दोन तास इतक्या संयमाने चाललेला सिनेमा शेवटी प्रेक्षकाला हवा तो बदला देऊन टाकतो. हे म्हणणं पूर्ण टाळता येत नाही. थिएटरमध्ये त्या क्षणी टाळ्या पडतात, हे खरंच आहे. पण तो क्षण पहिल्या मारहाणीच्या शेजारी ठेवून बघितला तर वेगळा दिसतो. अनंतला त्या क्षणीही एकच भाषा येते, हाताची. त्याने काही नवं शिकलेलं नाही. फरक एवढाच की यावेळी तो स्वतः ठाण्यात जातो, आणि हिशेब दुसऱ्याकडून मिटवून घेत नाही. देसाईला फोन नाही, हैदर अलीचा सल्ला नाही. माझ्या मते शेवट टिकतो तो खुनामुळे नाही, त्या चालत जाण्यामुळे टिकतो.

नाशिकमध्ये हा सिनेमा गटाने बघायचा असेल, अभ्यासिकेत, महाविद्यालयात किंवा एखाद्या वाचनालयाच्या खोलीत, तर काही व्यवहाराच्या गोष्टी. पूर्ण लांबीची प्रत शोधा. आधी बघून आवाज तपासा, कारण जुन्या प्रतींत कोठडीतले हळू संवाद पंख्याच्या आवाजात बुडतात. मोठ्या पडद्यापेक्षा चांगला स्पीकर इथे जास्त कामाचा. मारहाण आणि भाजलेल्या माणसाची दृश्यं आहेत, शाळकरी मुलांना बसवू नका. सलग दाखवा, मध्यंतर हवंच असेल तर रामा शेट्टीच्या घरून अनंत परततो तिथे घ्या, त्याआधी नको.

चर्चेसाठी सिनेमा संपल्यावर लगेच ‘अनंत बरोबर की चूक’ असा प्रश्न टाकू नका. दहा मिनिटांत दोन तट पडतात आणि काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला कागद द्या आणि स्टेशन डायरीची नोंद लिहायला सांगा, त्या दिवशीची, अनंतच्या नावाने. चार नोंदी पुरतात: विनयभंगाच्या आरोपींना आणलं ती, दवाखान्यातला जबाब घेतला ती, रामा शेट्टीकडून रिकाम्या हाताने परत आला ती, आणि चोर मेला ती. वेळ घालायचा, कोण हजर होतं ते लिहायचं, काय घडलं ते लिहायचं. पहिली आणि चौथी नोंद लिहिताना पेन थांबतं, कारण खरं लिहिलं तर गुन्हा कबूल होतो आणि खोटं लिहिलं तर आपण लिहिलेलं असतं. तिसरी नोंद सगळ्यात लहान होते, आणि तीच मोठ्याने वाचून दाखवावी. त्यानंतर ‘सूर्य’ ही कथा मिळवून वाचावी. कागदावरचा फौजदार पडद्यावरच्यापेक्षा कुठे वेगळा आहे हे आपापलं ताडून बघण्यात एक संध्याकाळ चांगली जाते.